चारपर्यंत

“तिला कळलं तर ती त्याला घेऊन जाईल. मग मोजणार कोण?”

हे वाक्य माझ्या कानांसाठी नव्हतं. चर्चच्या सभागृहामागच्या स्वयंपाकघरात मी पावाला लोणी लावत होते, चहा द्यायची भिंतीतली खिडकी बोटभर उघडी राहिली होती आणि तिच्या पलीकडे मॅल्कम ट्रेव्हरशी बोलत होता. ‘ती’ म्हणजे मी आणि ‘तो’ म्हणजे नायजेल, माझा सात आठवड्यांचा नवरा. लग्न झालं की बायको नवऱ्याला बँड सोडायला लावते असं उत्तर इंग्लंडात, आमच्या लँकशरमध्ये सगळेच धरून चालतात, तेव्हा मॅल्कमही तेवढंच म्हणत असणार, असं समजून मी लोणी लावत राहिले.

बँडचं नाव चिलब्लेन्स, म्हणजे थंडीत पायाच्या बोटांना सुटणारी खाजरी सूज. मॅल्कम गायचा, ट्रेव्हर गिटार वाजवायचा, नायजेल ड्रम. त्या वर्षी, सत्त्याहत्तर साली, त्यांची ‘बिशपची विजार’ नावाची तबकडी निघाली आणि महिन्याभरात तीन नगरपालिकांनी त्यांना बंदी घातली, एका नगरसेवकाने तबकडी हातोड्याने फोडताना स्वतःचा फोटो काढून घेतला आणि वर्तमानपत्रांनी मॅल्कमला समाजाला लागलेली कीड ठरवलं. मॅल्कमला त्याचा फार अभिमान होता. कात्रणं त्याची आई जपून ठेवायची आणि त्याच्या फाडलेल्या विजारींना कडक इस्त्रीही तीच करून द्यायची. चर्चचं सभागृह आम्हाला सरावाला मिळायचं ते फुलझाडं मंडळाच्या नावाने.

त्यांची गाणी दोन मिनिटांची, आणि प्रत्येक गाण्याआधी कुणीतरी ओरडून चारपर्यंत मोजायचं ही पद्धत. एक-दोन-तीन-चार, की धाडकन सुरू. ते मोजायचं काम ड्रमवाल्याचं, म्हणजे नायजेलचं. एका कार्यक्रमात सतरा गाणी असली तर सतरा वेळा. मी स्टेजच्या कडेला खुर्चीवर बसून, मावशीने वाढदिवसाला दिलेल्या टेपरेकॉर्डरवर सगळं ध्वनिमुद्रित करायची, म्हणजे ट्रेव्हरला नंतर आपल्या चुका ऐकता येत. मी कमी बोलते म्हणून मला हे काम दिलं होतं. टेपवर खोकलासुद्धा येत नाही माझा.

लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात मी नायजेलला कोपऱ्यावरून चार अंडी आणायला सांगितलं, त्याने तीन आणली. मी हसले. पुढच्या वेळीही तीनच. टेबलावर सासू-सासऱ्यांसकट चौघांचे काटे मांडताना तो तीन मांडून थांबला, हातातल्या चौथ्या काट्याकडे बघत राहिला, आणि मग तो त्याने खणात परत ठेवून दिला.

“अरे, आणि मी?” मी विचारलं.

“तू काय?” तो म्हणाला, अगदी मनापासून.

“नव्या नवरीला उपाशी ठेवतोस होय रे गाढवा?” सासूबाई म्हणाल्या आणि काटा त्यांनीच मांडला. तेवढ्यावर ते मिटलं.

मी बटणांच्या कारखान्यात काम करते. दिवसभर पुठ्ठ्यावर बटणं मोजून शिवलेली आहेत ना हे बघायचं, सहा-सहाच्या ओळी, आणि एखादं कमी असलं तर ते मला न मोजताही दिसतं. म्हणून असेल, मॅल्कमचं ते वाक्य कानावर पडल्यानंतरच्या शनिवारी घर रिकामं असताना मी सगळ्या टेप काढून बसले. गाणी मला कळत नाहीत, मी फक्त मोजणी ऐकत गेले. लग्नाआधीच्या टेपवर चारही आकडे नायजेलचे होते, त्याच्या त्या नेहमीच्या, सर्दी झाल्यासारख्या आवाजात. एप्रिलच्या शेवटच्या टेपवर एक, दोन, तीन त्याचे होते. ‘चार’ दुसऱ्याच कुणाचा होता. तो आवाज ओरडत नव्हता. रेडिओवर बातम्या देणाऱ्या गृहस्थाने बातमीपत्र संपवताना शुभ दिवस म्हणावं तसा, स्वच्छ, सुशिक्षित, किंचित समाधानी. आणि त्याच्या मागोमाग लोक जे किंचाळले होते, तसे ते आधीच्या कुठल्याही टेपवर किंचाळले नव्हते.

मेमधल्या टेपवर ‘तीन’ही त्या परक्या आवाजाचाच होता.

मी नायजेलला ऐकवलं. त्याने डोकं हलवत ऐकलं. “मीच की गं तो. दुसरं कोण असणार?” मग म्हणाला, “चांगलं मोजतो ना मी?” त्या आठवड्यात त्याने अंडी दोन आणली.

नायजेलच्या आधी ड्रमला डेझमंड होता. तो साउथपोर्टला मावशीकडे गेला, असं मॅल्कम सांगायचा, पण लग्नाच्या दिवशी चर्चच्या दाराशी डेझमंडची आई उभी होती, माझे हात घट्ट धरून मग निघून गेली होती. मी तिच्या घरी गेले. डेझमंड घरातच होता, वजनही चांगलं वाढलेलं. तो माझ्याशी हवापाण्याबद्दल व्यवस्थित बोलला. त्याने माझ्या चहात साखर घालायला घेतली आणि घालतच राहिला, कप भरून बशीत सांडेपर्यंत. “पुरे, राजा,” आई म्हणाली तेव्हा थांबला.

“आकडे गेलेत त्याचे,” ती दाराशी येऊन मला म्हणाली. “चार गेला तेव्हा आम्ही हसलो. तीन-दोनलाही काही वाटलं नाही, माणूस त्यावाचून जगतो. पण एक गेला ना पोरी, तेव्हापासून याला सुरुवातच सापडत नाही. सकाळी पलंगाच्या कडेला बसतो, बूट समोर. मी ‘हं’ म्हणेपर्यंत बसतो. मी मेल्यावर कोण म्हणेल?”

मी बसने परत आले. येताना थांबे मोजले, अकरा. सगळे जागेवर होते.

नायजेलला मी सांगितलं, बँड सोड. तो रागावला नाही, त्याला ते पटलंही, पण सोडायचं म्हणजे आधी काय करायचं, हे त्याला नीट उमजेना. ट्रेव्हरला गाठलं तर तो बुटांकडे बघत म्हणाला, “आम्ही मोजून बघितलं गं, मॅल्कमने आणि मी. काहीच होत नाही. वाजतं सगळं, पण कुणी मान वळवत नाही, बिअर पीत बसतात. तो नायजेलचाच आकडा घेतो. कुणाचा घ्यायचा ते त्याचं तो ठरवतो.”

“तो म्हणजे?”

“मला काय विचारतेस? तू टेप ऐकतेस ना?”

ऐकत होतेच. जूनच्या टेपवर नायजेलचा फक्त ‘एक’ उरला होता. आणि त्या टेपवर आणखी एक गोष्ट होती, जी मी कुणाला सांगितली नाही. त्या गृहस्थाच्या ‘चार’नंतर, गाणं सुरू होण्याच्या आधीच्या अर्ध्या क्षणात, बोलण्यापूर्वी घेतात तसा श्वास कुणीतरी आत घेतला होता. तो माझा होता. माझा श्वास मी ओळखते. टेपरेकॉर्डरचा मायक्रोफोन लांब तारेने ड्रमजवळ बांधलेला होता आणि त्याच्यापासून मी वीस फूट लांब बसले होते.

रविवारी खाणकामगारांच्या क्लबात कार्यक्रम होता, दुपारी तीनला, कारण संध्याकाळची परवानगी नगरपालिकेने नाकारली होती. बाहेर फाटकाशी टोप्या घातलेल्या बायका भजनं म्हणत होत्या आणि आत चारशे पोरं त्यांच्या तालावर थुंकत होती. सकाळी नायजेलने मला एक अंडं आणून दिलं होतं, दोन्ही हातांत धरून, जपून, जणू जगात तेवढंच आहे.

तो ड्रमवर बसला. काड्या उचलल्या. तोंड उघडलं, आणि तो त्याचा शेवटचा आकडा त्याच्या जिभेवर आलेला मला इतका स्पष्ट दिसला, की मी टेपरेकॉर्डर खुर्चीवर ठेवून उठले, स्टेजवर गेले आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला. तळव्याला त्याचा उष्ण श्वास लागला. तो माझ्याकडे बघत राहिला, अंडं देताना बघत होता तसाच.

पोरं शिट्ट्या मारू लागली. “घरी ने त्याला, मावशी! दूध पाज!” कुणीतरी ओरडलं.

मॅल्कम मायक्रोफोन हातात घेऊन माझ्याजवळ आला. इस्त्रीची घडी त्याच्या फाटक्या गुडघ्यापर्यंत सरळ उतरली होती. तो हसत होता, पण आवाज त्याने खाली आणला.

“राणीसरकार, खाली उतरा. तमाशा नको. तो नाही, तर मोजणार कोण?”

ट्रेव्हर माझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्या खुर्चीकडे बघत होता. तिथे टेपरेकॉर्डरची चक्रं फिरत होती आणि लाल दिवा लागलेला होता, जो मी उठताना बंद केल्याचं मला पक्कं आठवत होतं. पलीकडे चारशे पोरं एकाएकी गप्प झाली, वर्गात गुरुजी आल्यावर होतात तशी.

मी मॅल्कमच्या हातातून मायक्रोफोन घेतला.

“मी मोजते,” मी म्हणाले. “माझ्याकडे पुष्कळ आहेत.”