एकाच खुर्चीचं दुखणं

ती सतत शिट्टी वाजवायची, म्हणून आम्ही तिला शिट्टीच म्हणायचो. लॉन्ड्रीत येऊन दोन महिने झाले नाहीत तोच तिने सुपरवायझरसाहेबांपुढे डॉक्टरांचा कागद ठेवला. आमवात आहे, बसून करायचं काम द्यावं. ते ऐकलं आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा आजार मी सहा वर्षं अंगावर वागवतेय. आमवात झालेली बाई शिट्टी वाजवत चादरींच्या घड्या घालते, हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

आमच्याकडे बसायचं काम एकच. धुऊन आलेल्या चादरीच्या कोपऱ्यावरचा नंबर बघायचा आणि कुठल्या हॉटेलची, कुठल्या दवाखान्याची ते वेगळं करायचं. त्या टेबलाला एक खुर्ची आहे आणि ती मला उगाच नाही मिळाली. सकाळी दोन तास आधी उठून बोटं कोमट पाण्यात धरते, तेव्हा कुठे मूठ वळते. पण ते घरी, तिथे कोण बघतंय? म्हणून कामावर मी मनगटाला पट्टा बांधूनच येते. बरं वाटत असेल त्या दिवशीही बांधते. एकदा का लोकांनी तुम्हाला चटचट चालताना पाहिलं की संपलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही कण्हलात तर एकमेकींना डोळे मारतात. माझी जाऊ तर अजूनही म्हणते, हिचं दुखणं पाहुणे आले की वाढतं. त्यामुळे मी उठताना ‘आई गं’ आणि बसताना ‘आई गं’. दुखतं तेव्हा मनापासून, नाही दुखत तेव्हा सवय मोडू नये म्हणून.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“कागद काय, कुणीही आणतं,” ते म्हणाले. “तुम्हाला यातलं कळतं, मावशी. जरा लक्ष ठेवा तिच्यावर. खरं असेल तर खुर्ची अर्धा-अर्धा दिवस वाटून देऊ. खोटं असेल तर तिला ओल्या कपड्यांकडे टाकतो. तिथे माणूस कमीच आहे.”

अर्धा दिवस. म्हणजे जेवणानंतर मी उभी.

पंधरा दिवस मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. बाई बससाठी पळाली. जेवणाच्या सुट्टीत साहेबांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. आणि रोज अकराच्या सुमाराला साबणाच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. एकदा मी मागोमाग गेले, दाराला कान लावला. आत बाईसाहेबांची शिट्टी चालली होती, बाहेर वाजवते त्याहून जोरात. आम्ही इथे मरमर मरतोय आणि हिची मैफल, मी म्हटलं. तडक साहेबांकडे गेले.

“काही झालेलं नाही हो तिला,” मी सांगितलं.

सोमवारपासून ती ओल्या कपड्यांकडे गेली. ओली चादर मशीनमधून ओढून काढायची म्हणजे धडधाकट बाईचेही खांदे निखळतात. शिट्टी आता पार आमच्या टेबलापर्यंत ऐकू यायची. बघा, मी शेजारणीला म्हटलं, तिथेही मजेत आहे.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यासमोर येऊन बसली. मी सावध झाले. भांडायला आली असणार.

“मावशी, एक काम होतं तुमच्याकडे,” ती म्हणाली. “मला कण्हायला शिकवाल?”

टोमणा मारतेय असं वाटलं. पण चेहरा तसा नव्हता.

“साहेब म्हणाले, आजारी माणूस कसं असतं ते मावशींकडे बघून कळतं. आधीच्या कामावर मी रडायचे. तिथल्या लोकांनी महिनाभर ऐकलं, मग काढून टाकलं. तेव्हापासून शिट्टीची सवय लावून घेतली. ओठ आवळलेले असले की ओरडता येत नाही. फारच झालं तर साबणाच्या खोलीत जाऊन वाजवते. आता कण्हायला गेलं तरी शिट्टीच येते बघा.”

“आणि बससाठी पळालीस ती?”

“ती चुकली की पुढच्या बसला अर्धा तास उभं राहावं लागतं, मावशी. पळणं दोन मिनिटांचं.”

हे मला कळायला हवं होतं. बससाठी मीही पळते, फक्त लॉन्ड्रीचा कोपरा ओलांडल्यावर.

तिने डबा काढला. अंगठा सुजून टम्म झाला होता, झाकण काही निघेना. मी हात पुढे केला. माझ्यानेही निघेना. दोघींचे चार हात आणि एक डबा. ती हसायला लागली आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी माझा डबा तसाच टाकून उठले.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, तिचं दुखणं खरं आहे.

“मग तेव्हा खोटं का बोललात?”

“अर्धा दिवस उभं राहावं लागेल म्हणून.”

साहेबांची नजर माझ्या चेहऱ्यावरून मनगटाच्या पट्ट्यावर गेली आणि तिथेच थांबली. त्यांच्या मनात काय आलं ते मला दिसलं. शिट्टीबद्दल तेच पंधरा दिवस माझ्या मनात होतं.

दुसऱ्या दिवसापासून खुर्ची वाटून मिळाली. जेवणानंतर शिट्टी बसली, मी घड्यांच्या टेबलाशी उभी राहिले. तीन वाजेपर्यंत गुडघ्यातली कळ कंबरेत चढली. ‘आई गं’ तोंडातून निघालं. यावेळी मी ते काढलं नव्हतं, आपोआप निघालं होतं. समोरच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. केबिनच्या काचेतून साहेबांनीही मान वर केली.

“मावशी,” त्यांतली एक हळूच म्हणाली, “आता खरंच दुखतंय का?”

खरंच दुखत होतं. पण ते तिला पटेल असं कसं म्हणायचं, ते मला सुचेना.