मोजणीदाराची सही

“नाव लिहा, खाली सही करा. एवढा काय विचार करताय, काका?” सरहद्दीवरच्या नुकत्याच उघडलेल्या नाक्याच्या खिडकीतल्या माणसानं चिठ्ठी पुढे सरकवली.

लोइझोसनं चिठ्ठीवर छापलेलं राज्याचं नाव वाचलं आणि त्याचं तोंड कडू झालं. सायप्रसच्या उत्तरेकडच्या या सरकारला तुर्कस्तान सोडून जगात कुणी मानत नव्हतं, आणि एकोणतीस वर्षांपूर्वी तुर्की सैन्यानं घरातून हुसकावल्यापासून लोइझोसनं तर तिळभर मानलं नव्हतं. मोजणी खात्यात त्याचा जन्म गेला. ताबा गेला तरी हक्क जात नाही, असं तो घरं सुटलेल्यांना सांगायचा. पलीकडे राहिलेल्या लापिथोस गावातल्या स्वतःच्या घराचे कागद त्यानं कपाटात जपले होते.

“सही केली की यांचं राज्य कबूल केल्यासारखं,” तो बहिणीला म्हणाला. “उद्या कोर्टात हीच चिठ्ठी नाचवतील.”

“तुझ्या सहीवाचून यांचं राज्य अडलंय होय रे, दादा?” ख्रिस्तल्ला वैतागली. गुडघे गेलेले, एका हातात काठी, दुसऱ्यात कोलिवाचं भांडं. उकडलेले गहू, बदाम, डाळिंबाचे दाणे. आज मृतांचा शनिवार. “आईच्या थडग्यावर हे ठेवायचंय मला. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? पुढच्या वर्षीचा हा शनिवार मला दिसायचा नाही.”

“आजोबा, राजकारण घरी करा!” रांगेतून कुणीतरी ओरडलं. “ऊन मी म्हणतंय इथं!”

लोइझोस हट्टी होता, दुष्ट नव्हता. आईला पुरलं तेव्हा ख्रिस्तल्ला बाळंतीण होती, जागा तिनं पाहिलेली नव्हती. त्यानं घाईघाईनं वहीच्या पानावर गावची दफनभूमी काढून दिली. सुरूच्या मोठ्या झाडापासून सहा पावलं पूर्वेला, तीन उत्तरेला.

“आंधळासुद्धा पोचेल,” तो म्हणाला.

तिनं सही केली आणि पलीकडच्या टॅक्सीत बसली.

तो दिवसभर नाक्यावर बसून राहिला. आपल्या बाजूच्या पोलिसानं कॉफी आणून दिली. “तुमच्यासारखे ताठ कण्याचे आता राहिले नाहीत,” तो म्हणाला. लोइझोसला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

संध्याकाळी ती परतली.

“सापडलं?”

“सुरू तोडलाय रे कधीचा. क्रूसही उभा नाही एक. मोजायचं कुठून?”

मोजणीला भिंतीची खूण घ्यावी, झाडाची घेऊ नये. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी तो हे शिकवायचा.

“मग?”

“मूठमूठ सगळीकडे टाकलं. शेजारची तुर्की बाई दंड धरून हिंडली माझ्याबरोबर. एखादी मूठ लागली असेल आईला.”

“उद्या मी येतो. दोघं जाऊ.”

“आता नाही व्हायचं माझ्यानं, दादा.”

ऑगस्टमध्ये ख्रिस्तल्ला गेली. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर लोइझोस एकटाच रांगेत उभा राहिला. चिठ्ठी न वाचताच त्यानं सही केली.

दफनभूमीलगतच्या चर्चच्या भिंतीचा कोपरा शाबूत होता. तिथून त्यानं मोजणीची फीत लावली, आणि पाच मिनिटांत जागा निघाली.

“ख्रिस्तल्ला, ही बघ, इथं,” तो म्हणून गेला.

मग त्यानं जागेवर एक दगड ठेवला आणि सावकाश फीत गुंडाळत बसला.