वाकडा शिक्का

डॉक्टरसाहेब, माझ्या छातीतल्या गाठीचं खरं नाव तुम्ही माझ्या भावाला सांगितलं, भाच्याला सांगितलं. भाच्याचा होणारा सासरा दवाखान्यात आला असता तर त्यालाही सांगितलं असतं. फक्त ती गाठ जिच्या छातीत होती, तिला नाही सांगितलं. मला तुम्ही म्हणालात, "काही नाही आजी, चरबीची गाठ आहे. जेवा-खा, मजेत राहा." तुमचे केस माझ्याहून पांढरे. मग आजी कोणाची हो?

मी पंचफुला. जंगलखात्याच्या नाक्यावर एकतीस वर्षं कागद तपासून मागच्या वर्षी रिटायर झाले. सागवानाचा ट्रक आला की आधी परमिट बघायचं, मग ओंडक्यांवर हातोड्यानं ठोकलेली निशाणी, मग ड्रायव्हरचं तोंड. कागद खोटा असला की तोंड आधी बोलतं. अशा बाईपासून तुम्ही कागद लपवायला निघालात.

आमच्या घरातली तोंडं कशी बोलली ते ऐका. माझा मोठा भाऊ देवाजी, रिटायर मास्तर. पेपरातली शेवटची जाहिरात वाचल्याशिवाय पेपर दुसऱ्याच्या हातात न देणारा माणूस. तुमच्याकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं न उघडलेला पेपर माझ्यापुढं ठेवला. शेजारची द्वारकाबाई सफरचंदं घेऊन आली. तीस वर्षांत त्या बाईनं मला कढीपत्त्याची एक काडी दिली नव्हती.

"दादा, रिपोर्टचा कागद दाखव," मी म्हणाले.

"अवं, नॉर्मल हाये म्हणलं ना. कागद काय चाटतं?"

"चाटू दे."

"कपाटात हाये. चावी सापडून नाही राह्यली."

चावी त्याच्या करदोट्याला होती. मी ती तिथंच राहू दिली. भ्यालेल्या माणसाकडून काय काय मिळतं हे मला नाक्यावर कळलेलं, आणि त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला, हे कबूल करते. लागोपाठ तीन रविवार मटण करायला लावलं. टीव्हीचा रिमोट उशाखाली ठेवला. एप्रिलच्या त्या उन्हात दादाच्या खोलीतला कूलर माझ्या खोलीत ओढून नेला, तर तो म्हणे, "ने बाई, ने." डोळे भरलेले. कूलरसाठी कोणी रडतं का साहेब?

म्हणजे काहीतरी मोठं होतं, हे मला समजलं होतं. पण अंदाजावर मी कधी ट्रक अडवला नाही. मला कागद पाहिजे होता. रोज मागत राहिले. पाचव्या आठवड्यात, दादा बाहेर गेलेला असताना, भाच्यानं कागद आणून दिला.

हा भाचा हर्षदीप, दादाचा मुलगा. गुडीहत्नूरच्या शाळेत मास्तर, कॉम्प्युटरमध्ये हुशार, आणि सात जूनला त्याचं लग्न. कागदावर माझं नाव, माझं वय, खाली 'साधी गाठ', आणि शिक्का. मी चष्मा पुसला.

"हर्षदीप, बस."

"आत्या, पत्रिका वाटायले जायचं हाये."

"उद्या वाट. हा शिक्का कोणी मारला?"

"दवाखान्यानं."

"दवाखान्यातला माणूस दिवसाले दोनशे शिक्के मारते. त्याचा हात थकते, शिक्का वाकडा पडते, एका बाजूनं शाई फुगते. हा तं पट्टी लावल्यावानी सरळ हाये."

हर्षदीप पंख्याकडे बघायला लागला.

"बरं, तारीख वाच."

"चौदा एप्रिल."

"चौदा एप्रिलले मी कुठं होती?"

"मिरवणुकीत."

"तू कुठं होता?"

"तुझ्या मागं. झेंडा घेऊन."

"मंग माझी गाठ लॅबमध्ये एकटीच गेली होती काय?"

दुसऱ्या कोणत्याही घरात ती तारीख खपून गेली असती. आमच्या घरातल्या माणसानं खोटा रिपोर्ट बनवायला बसावं आणि वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांतून बाबासाहेबांची जयंती निवडावी! लहानपणापासून तोंडात बसलेली तारीख, बोटांनी आपोआप टाइप केली म्हणे.

तो रडला. मग उठून पत्रिकांच्या पिशवीतून खरा रिपोर्ट काढून दिला. पाच आठवडे माझा कॅन्सर नवरा-नवरीच्या नावांखाली दडपून आदिलाबादभर फिरत होता. त्या कागदावरचा शिक्का वाकडा होता. बघताक्षणी खरा वाटला.

दादा घरी आला. दोन्ही कागद समोर बघून त्यानं करदोट्याची चावी चाचपली.

"फुला, तुले धक्का बसला असता."

"आता बसला ना, दादा. शिळा धक्का जास्त लागते."

"लग्न उरकून घ्यू, मंग सांगू, असं ठरलं होतं. डॉक्टरसाहेब बी म्हणले, चालते."

चालते. हे तुमचं म्हणणं, साहेब. म्हणून ही सगळी कहाणी तुम्हाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं नागपूर गाठलं. तिथं जान्हवी मॅडम म्हणून कॅन्सरच्या डॉक्टर भेटल्या, माझ्या निम्म्या वयाच्या. दादा सवयीनं पुढच्या खुर्चीत बसला. त्यांनी त्याला बाहेरच्या बाकावर पाठवलं आणि मला विचारलं, "तुम्हाला किती समजून घ्यायचंय?"

"सगळं," मी म्हणाले. "मला पहिलं हे सांगा, माझ्या अंगात नाके नाहीत काय? राखणदार झोपले होते?"

त्या हसल्या. म्हणाल्या, झोपलेले नसतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी गस्त घालतात, बिघडलेल्या कितीतरी पेशी धरून मारतात. पण कॅन्सर बाहेरून आलेला चोर नाही. तो आपल्याच शरीरातली पेशी, बिघडलेली, तरी घरची. त्यातल्या काही पेशी अंगावर अशी खूण वागवतात, की मारायला आलेल्या राखणदाराचा हात तिला लागला की हातच ढिला पडतो.

"म्हणजे निशाणी खरी, माल चोरीचा," मी म्हणाले.

असा ट्रक मी पाहिला होता. खात्याच्याच हातोड्यानं ठोकलेली निशाणी, ठोकणारा खात्याचाच माणूस. तो ट्रक मी स्वतः सलाम ठोकून सोडला होता. खोटा कागद मी डोळे मिटून पकडीन. खऱ्या निशाणीपुढं कोणाची अक्कल चालते? हर्षदीपपेक्षा माझी गाठ हुशार निघाली.

"आणि राखणदारांतच दुसरी एक जात असते," मॅडम म्हणाल्या, "साफसफाई आणि डागडुजी करणारी. गाठीजवळ आल्यावर त्यांना वाटतं, इथं जखम आहे, भरून काढू. मग ते नव्या रक्तवाहिन्या वाढवतात, वाट मोकळी करतात. त्याच वाटेनं कॅन्सरच्या पेशी बाहेर पडतात. वाटेत बऱ्याच मरतात. एखादी वाचते, हाडात नाही तर फुप्फुसात जाऊन बसते. कधी वर्षानुवर्षं गुपचूप."

मी दाराच्या काचेतून बाहेर बघितलं. माझा भाऊ बाकावर बसून माझी पिशवी छातीशी धरून होता. वाईट नाही हो तो. जखम भरायलाच आला होता.

"त्या खुणेवर झाकण घालणारं औषध आहे," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना लागू पडत नाही. गाठीची जात तपासून ठरवू. पण आधी काखेतला पहिला नाका बघायचा. निळा रंग टोचायचा. काखेत सगळ्यांनाच बारीक गाठी असतात, त्यातली जी पहिल्यांदा निळी होते ती पहारेकरी. तीच काढून बघायची, माल तिथवर पोचला का."

"निळा?" मी म्हणाले. "मग आमच्या घरातून कोणाची हरकत नाही."

आठव्या दिवशी ऑपरेशन झालं, छातीतली गाठ आणि काखेतले पहारेकरी, दोन्ही काढले. त्या रंगानं दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी झाली, ती मी दादाला वर्णन करून सांगितली. चहाचा कप तसाच ठेवून तो गॅलरीत गेला. एवढी शिक्षा त्याला पुरे.

लग्न पुढं ढकलू, असं हर्षदीप म्हणाला. मी म्हणाले, खबरदार. सात जूनला, जखमेतलं पाणी काढायला काखेत बसवलेली नळी आणि तिची बाटली भरजरी बटव्यात घालून मी पहिल्या रांगेत बसले. द्वारकाबाई कानाशी आली. "पंचफुला, बटव्यात काय आणलं वं?"

"नवरीकडच्यांसाठी सरबत. तुले देऊ थोडं?"

लाल पाणी हलताना तिनं बघितलं. त्यानंतर सफरचंदं आली नाहीत.

आता राहिलं तेवढं सांगते. पहारेकरी दोन निघाले आणि दोन्हींत माल सापडला. पहिला नाका ओलांडला गेला होता. किमो चालू आहे, डोक्यावर केस नाही. आता खुशाल आजी म्हणा. मी मॅडमना विचारलं, "त्या पाच आठवड्यांत गेला का?" त्या म्हणाल्या, "तेव्हाच गेला की आधीच, हे कोणी सांगू शकत नाही." मला बरं वाटावं म्हणून त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणून मला बरं वाटलं.

तुम्हीही सांगू शकणार नाही. ते मी विचारतही नाही. पण माझ्या नाक्यावर राखणदार मी होते, साहेब. जागी होते. कागद मागत होते. गाठीनं माझ्या पांढऱ्या पेशींचे हात ढिले केले, तो तिचा धंदाच. माझे हात तुम्ही ढिले केले, 'मजेत राहा' म्हणून. ते काऊन? कोणाच्या हुकमानं? माझ्या जागी माझा भाऊ असता, तर गाठीचं नाव मला सांगून त्याला तुम्ही मटण खायला पाठवलं असतं का?

जवाब लेखी पाहिजे. खाली दस्तखत, तारीख आणि शिक्का. तारीख बघून टाका. शिक्का मी बघून घेईन.