शिकाऊ गाडीची उतरलेली बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. बॅटरीच्या दुकानात मागच्या भिंतीशी उतरलेल्या बॅटऱ्यांचा ढीग लागला आहे ना, त्यात वरून दुसरी. उद्या सकाळी भंगाराची गाडी येईल आणि आम्हाला भट्टीवर घेऊन जाईल. तिथे आमच्यातलं शिसं वितळवून त्याच्या पुन्हा नव्या बॅटऱ्या करतात, त्यामुळे जाण्याचं मला फारसं दुःख नाही. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ती आठवली की अजूनही मान खाली घालावीशी वाटते. बॅटरीला कुठली आली मान, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. तरी ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. काळा चौकोनी डबा, त्यात सहा कप्पे, प्रत्येक कप्प्यात शिशाच्या पट्ट्या उभ्या केलेल्या आणि त्या पुरत्या बुडतील इतकं आम्ल आणि पाणी. डोक्यावर दोन खुंट्या, एक अधिकची आणि एक उण्याची. मला उचलताना भल्याभल्यांच्या तोंडून आपोआप "हं!" असा आवाज निघायचा. माझ्या वजनाचा मला तेव्हा फार अभिमान होता.

गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका वर्गासाठी मला विकत घेतलं गेलं. मित्रांनो, सगळ्या बॅटऱ्यांमध्ये शिकाऊ गाडीच्या बॅटरीचं नशीब खडतर. घरच्या गाडीची बॅटरी सकाळी एकदा इंजिन सुरू करते, संध्याकाळी एकदा करते आणि मधे निवांत पडून राहते. शिकाऊ गाडीचं तसं नसतं. शिकणाऱ्याचा पाय क्लचवरून सटकतो, गाडी बेडकासारखी उडी मारते आणि जागच्या जागी बंद पडते. "घाबरू नका, पुन्हा चावी फिरवा," असं शिकवणारे म्हणतात. चावी फिरली की झोपलेल्या इंजिनाला हलवून जागं करायचं काम माझं. ते एकदा जागं झालं की मला माझी वीज परत देतं, पण तोवर सगळा भार माझ्या एकटीवर. सकाळपासून अंधार पडेपर्यंत हेच चालायचं. मी कधी कुरकुर केली नाही.

कारण मला सांभाळणारा माणूस तसा होता. वर्ग काढला तो थोरल्या सरांनी. महिना उजाडला की ते बाह्या सारून गाडीचं नाक, म्हणजे बॉनेट, उघडायचे, माझी सहाही झाकणं काढायचे आणि प्रत्येक कप्प्यात डोकावून बघायचे. पाणी कमी दिसलं की बॅटरीचं शुद्ध पाणी बेताने ओतायचे. खुंट्यांवर पांढरा क्षार साचला तर कोमट पाण्याने धुवायचे, पुसायचे आणि वर व्हॅसलीनचं बोट फिरवायचे. शिकायला आलेल्यांना सांगायचे, "ही आहे म्हणून तुम्हाला चुका करता येतात." थंडीच्या सकाळी शेजारच्या गाड्या रुसून बसल्या की त्यांना केबल जोडून माझ्याकडूनच जोर दिला जायचा. लोक माझ्या डब्यावर थाप मारायचे, तेव्हा मी आतून फुगून जायची.

पुढे थोरल्या सरांचे गुडघे थकले. ते मुलीकडे राहायला गेले आणि वर्ग त्यांच्या मुलाकडे आला. त्याला सगळे नुसतं सर म्हणत. सर माणूस म्हणून वाईट नव्हते. शिकवायचे जीव तोडून. पण दोन खोडी होत्या. एक म्हणजे गाडीचं नाक उघडायचा भारी कंटाळा. "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" असं त्यांचं म्हणणं. दुपारी जेवताना इंजिन बंद करून पंखा लावायचे, गाणी लावायचे आणि ते सगळं माझ्या जिवावर. दुसरी खोड जिभेची. आलेल्या प्रत्येकाला नाव ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. एकाला गोगलगाय, एकीला ब्रेकबाई. आणि आमच्या काकूंना झटकाकाकू.

काकू पन्नाशीच्या. त्यांची आणि काकांची रोपवाटिका होती. रोपं पोचवायला एक छोटा टेम्पो होता, तो आयुष्यभर काकांनी चालवला. मग काकांच्या डोळ्यांपुढे धुरकट येऊ लागलं. डॉक्टरांनी गाडी बंद म्हणून सांगितलं आणि टेम्पो शेडखाली उभा राहिला तो राहिलाच. घ्यायला गिऱ्हाईक तयार होतं. काकांनी होही म्हटलं होतं. काकूंनी त्यांना थांबवलं आणि त्या म्हणाल्या, "अहो, मी शिकते." हे सगळं त्यांनी सरांना पहिल्याच दिवशी गाडीत सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

काकूंना रस्ता कळत होता, आरसा कळत होता, वळण कळत होतं. क्लच तेवढा कळत नव्हता. पाय हळूहळू उचलायचा, तर त्या एकदम उचलायच्या. चटका बसल्यासारखा. गाडी झटका खायची, सर पुढे आपटायचे, इंजिन बंद. "काकू, तो क्लच आहे, झुरळ नाही!" सर म्हणायचे आणि मागच्या सीटवर बसलेले खो खो हसायचे. काकूही हसायच्या, पण त्यांचे कान लाल व्हायचे. परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या. शिकाऊ परवान्याची मुदत संपत आली होती. आता नापास झाल्या असत्या तर टेम्पो गेलाच होता.

याच दिवसांत माझं पाणी आटत चाललं होतं. कप्प्यांमधल्या पट्ट्या अर्ध्या उघड्या पडल्या. खुंट्यांवर क्षाराचे गठ्ठे साचले. सकाळी चावी फिरली की माझ्याकडून एक लांबट, केविलवाणं "घुर्रर्र" निघायचं. ते आपल्याच कानांनी ऐकणं नको वाटायचं. थोड्याशा पाण्याने मी पुन्हा उभी राहिले असते, पण झाकण कोणी उघडलंच नाही. सर स्टिअरिंगवर हात आपटून म्हणायचे, "काकूंच्या झटक्यांनी खाल्ली ही बॅटरी!" काकू खाली बघायच्या. मित्रांनो, थोरल्या सरांच्या हाताखाली याच्या दुप्पट झटके मी हसत सोसले होते. पण बॅटरीला बोलता येत नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. सकाळी मी इंजिन सुरू करूच शकले नाही. शेजारच्या गाडीला केबल जोडून, म्हणजे ज्या गाडीला एके काळी मी जोर द्यायची तिच्याकडून उसना जोर घेऊन गाडी सुरू झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मैदानावर पोचेपर्यंत सर काकूंना एकच गोष्ट सांगत होते. "काहीही करा, आज इंजिन बंद पडू देऊ नका. पडलं तर ते पुन्हा उठणार नाही."

परीक्षा घेणारे साहेब शेजारी येऊन बसले, पट्टा लावला आणि शांतपणे म्हणाले, "इंजिन बंद करा. सुरू करण्यापासून दाखवा."

काकूंनी खिडकीबाहेर उभ्या असलेल्या सरांकडे बघितलं. सरांनी दुसरीकडे बघितलं. काकूंनी इंजिन बंद केलं, मग चावी फिरवली. मी होतं नव्हतं ते सगळं बळ एकवटलं. आवाज झाला फक्त "टक्". त्यांनी पुन्हा फिरवली. पुन्हा "टक्".

मागे गाड्यांची रांग होती, वर्गातली सगळी मंडळी होती, दुसऱ्या वर्गांचे लोक होते. साहेबांनी विचारलं, "काय झालं?" आणि सर हसत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय सांगू साहेब! या आमच्या झटकाकाकू. बंद पाडून पाडून बॅटरीच संपवली यांनी. तिने तरी किती सोसायचं?"

सगळं मैदान हसलं. काकू कोणालाही उद्देशून नाही, नुसत्या समोरच्या काचेकडे बघत म्हणाल्या, "माझंच चुकलं."

मित्रांनो, त्या क्षणी मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. उतरलेली होते मी, कोरडी होते मी, आणि लाजत होत्या त्या. एक शब्द बोलता आला असता तर मी ओरडून सांगितलं असतं, की साहेब, नाक उघडून बघा, माझी झाकणं काढा, सगळं दिसेल. पण माझ्यात टक् करण्याचंही बळ उरलं नव्हतं.

साहेब खाली उतरले. "ते तुमचं तुम्ही बघा. गाडी सुरू झाली तर परीक्षा घेतो, नाहीतर बाजूला करा, मागे लोक खोळंबलेत."

एकच उपाय होता, धक्का. सर आणि वर्गातले दोघं मागे लागले. सर खिडकीशी वाकून घाईघाईने म्हणाले, "दुसरा गिअर टाका, क्लच दाबून धरा. गाडीने वेग घेतला की मी ओरडेन, तेव्हा क्लच सोडा."

"कसा सोडू? हळूहळू?"

"नाही नाही!" सर म्हणाले. "तुम्ही सोडता तसाच सोडा!"

गाडी हलली. चाकं वेग घेऊ लागली. "सोडा!" आणि काकूंनी पाय उचलला, एकदम, चटका बसल्यासारखा. आयुष्यात पहिल्यांदा तो झटका जिथे हवा होता तिथेच बसला. गाडीने एक सणसणीत उडी मारली आणि इंजिन गर्जून उठलं. मैदान पुन्हा हसलं, पण या वेळी टाळ्याही पडल्या. ते इंजिन जागं करायचं काम माझं होतं. इंजिनात ठिणगी पडायला लागते तेवढी धुगधुगी माझी, बाकी सगळं काकूंच्या पायाने केलं. वर त्याच इंजिनाने मला वीज पाजायला सुरुवात केली. मी ती प्यायले. दुसरं काय करणार?

साहेब पुन्हा शेजारी बसले. त्यांच्या मिशीत हसू होतं. "सुरू केलीत म्हणायची. चला."

शेवटी चढावर थांबून पुन्हा निघायचं होतं. तिथेच काकू दोन्ही वेळा नापास झाल्या होत्या. पण एकदा तो क्लच मनसोक्त सोडून बघितल्यामुळे असेल, तो नेमका कुठे पकड घेतो हे त्यांच्या पायाला समजलं होतं. पाय इतका हळू उठला की मलाही कळलं नाही. गाडी चढली. काकू पास झाल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या जागी नवी बॅटरी आली आणि माझी रवानगी या ढिगात झाली. गोष्ट इथेच संपली असती, तर मी तुम्हाला इतका त्रास दिला नसता. पण आज दुपारी ती तिघं दुकानात आली. टेम्पो इतके महिने उभा होता, त्याचीही बॅटरी बसली होती. नवी घ्यायला काका-काकू आले आणि दुकान दाखवायला सर. दुकानदार नवी बॅटरी आणायला आत गेला. काकूंनी मला ओळखलं. माझ्यावर सरांच्या वर्गाची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे.

त्या खाली बसल्या. रुमाल काढून माझ्या खुंट्या पुसू लागल्या. उतरलेल्या बॅटरीच्या खुंट्या कोणी पुसत नाही, मित्रांनो. "बिचारी," त्या म्हणाल्या. "माझ्यापायी गेली हो ही."

काका म्हणाले, "त्या दिवसापासून हिचं हेच चाललंय, सर. पास होऊन घरी आली आणि रडत बसली. काय तर म्हणे, सरांची बॅटरी घालवली."

सर खाली मान घालून म्हणाले, "काकू, तुमच्यामुळे नाही गेली. बाबा बहिणीकडे राहायला गेल्यापासून मी तिच्यात पाणीच घातलं नव्हतं."

काकूंचा हात माझ्यावरच थांबला. मला वाटलं, आता त्या म्हणतील, असू द्या हो सर. त्या तसं म्हणाल्या नाहीत. उठून उभ्या राहिल्या आणि रुमालाची नीट घडी केली.

"हे तुम्हाला त्या दिवशीही माहीत होतं?"

"होतं."

"मग उद्या सकाळी वर्गाला मी येते. तिथे सांगा."

"सगळ्यांसमोर?" सरांचा आवाज एकदम बारीक झाला.

"तेव्हाही सगळेच होते की," काकू म्हणाल्या.

इतक्यात दुकानदार नवी बॅटरी घेऊन आला. काकूंनी त्याला आधी पाणी कुठवर भरायचं ते विचारलं, नीट समजून घेतलं, आणि काकांचा हात धरून त्या बाहेर पडल्या. सर मात्र माझ्यासमोर उभेच होते. मला वाटलं, मीच त्यांच्याकडे बघू नये.

मित्रांनो, उद्या सकाळीच भंगाराची गाडी येणार आहे. सर वर्गात तोंड उघडतील की नाही, हे मला कधीच कळणार नाही. तुमच्या घरी गाडी असेल तर महिन्यातून एकदा कोणातरी मोठ्या माणसाला तिचं नाक उघडायला लावा, पाणी बघायला सांगा, क्षार पुसायला सांगा. एवढंच आम्हाला पुरतं. आणि आपल्या हातून राहिलेल्या कामाचा दोष कधी दुसऱ्याच्या माथी मारलात, तर तो जितक्या लोकांसमोर मारलात तितक्याच लोकांसमोर काढून घ्या. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.