हीटरातला नाग

हे कोणी खरं मानणार नाही, पण गेल्या हिवाळ्यात बुलढाण्याहून जानेफळला निघालेल्या एका जुन्या मोटारीत डफडं, खुळखुळा आणि खलबत्ता एकदमच वाजत होते आणि वाजवणारा कोणीच नव्हता. नका मानू. कुलदीपला मात्र मानावंच लागलं, कारण स्टिअरिंग त्याच्या हातात होतं.

त्याची बायको योगिनी बाळंतपणाला जानेफळला, माहेरी होती. सव्वा महिना उलटला होता. उद्या अमावस्या, परवा पौष लागणार, आणि पौषात तान्हं लेकरू उंबरा ओलांडत नाही, असा त्याच्या सासूबाईंचा, रुक्मिणीबाईंचा नेम. आज आणलं नाही तर महिनाभर लेकीचं तोंड दिसायचं नव्हतं. कुलदीपनं लेक एकदाच पाहिली होती, तीही झोपलेली.

सकाळीच योगिनीचा फोन आला होता. "हीटर चालू पाहिजे बरं, हिव लय आहे. अन् आवाज नको. कुकरची शिट्टी वाजली तं पोरगी घर डोक्यावर घेते."

"हीटर एकदम झकास आहे," असं कुलदीपनं छातीठोक सांगितलं. गेल्या वर्षापासून त्यानं त्या बटणाला हात लावला नव्हता.

गाव सुटताच बटण फिरवलं आणि हा जलसा सुरू झाला. बंद करावं तर काचेवर वाफ आणि बोटं लाकडं. चालू करावं तर फडफड, टकटक, खुळखुळ. त्यानं बटण इतक्यांदा इकडंतिकडं केलं, की शेजारी बसलेले वडील, अर्जुनराव, मफलरातून बोललेच.

"काऊन छळतं बे त्याले? सोनाळ्याकडे आमची जीप होती, तिच्या हीटरात मधमाश्याईनं पोळं केलतं. हिवाळ्यात नळीतून गरम मध ये. आम्ही सोबत भाकरीच ठेवू."

"बाबा, गप बसा न जरा!"

"घे, खरं बोलाची सोयच नाई राह्यली."

चिखलीच्या पुढं कुलदीपनं गाडी तुरीच्या एका वावराशी उभी केली. जागेवरच एक्सलेटर दाबून पाहिला. इंजिन गुरगुरलं, पण टकटक होती तशीच. मग पंखा एकावरून चारावर नेला, तर टकटकीची सरबत्ती झाली. म्हणजे इंजिन बिचारं निर्दोष होतं, वाजत होता तो हीटरचा पंखा. त्यानं पेचकस काढला, डॅशबोर्डचा खण उतरवला आणि आत मान घालून पंख्याचे स्क्रू ढिले केले. एक स्क्रू हातातून निसटून सीटखाली गेला. तो शोधताना कुलदीपच्या तोंडून जे निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पिंजऱ्यासारखा तो गोल, काजळीनं माखलेला पंखा बाहेर आला, आणि त्याच्याबरोबर मूठभर पिवळ्या अक्षता, वाळलेला झेंडू, कापराचा कागद आणि आपट्याची कडकडीत पानं. दसऱ्याला गाडीची पूजा झाली होती. काचेखालच्या जाळीतून सगळं सोनं थेट पंख्याच्या पोटात उतरलं होतं.

कुलदीपनं वडिलांकडं पाहिलं. अर्जुनराव तुरीच्या शेंगा न्याहाळत होते.

"बाबा, पूजा कोनं केलती?"

"देवाचं देवाले पोचलं. तू पंखा पुस."

पुसला, बसवला. हीटर मांजरीसारखा घुरघुरायला लागला, ऊबही आली. पण ऊन वर आलं होतं. मेहकरपर्यंत कुलदीपनं हॉर्नवरून हात काढला नाही, आणि जानेफळच्या दारात पोचला तेव्हा रुक्मिणीबाई नातीला कुशीत घेऊन वाटच पाहत होत्या.

"एवढा उशीर, जावाईबापू? अन् हात कोयश्यासारखे काऊन?"

कुलदीप खरं सांगणार, तेवढ्यात अर्जुनरावांनी त्याच्या पायावर पाय दिला. पूजेत ताटभर अक्षता आपणच ओतल्या, हे विहिणीसमोर कसं कबूल करायचं?

"काय सांगू, विहीणबाई! हीटरात नाग निंगाला. हा एवढा! पोराची बोबडी वळली. म्या हात घातला, शेपूट धरली अन् देला तुरीत भिरकावून."

रुक्मिणीबाईंनी नातीला पदराखाली ओढलं. "नाग निंगाल्या गाडीत माही नात? अन् त्याचा जोडीदार आतच असन तं? नाई, नाई. पौष जाऊ द्या."

कुलदीपनं वडिलांवर डोळे वटारले. गप्पेनं घात केला, हे अर्जुनरावांच्याही ध्यानात आलं, आणि त्यांनी घाईघाईनं ठिगळ लावलं.

"जोडीदार बी धरला न म्या! ह्या डाव्या हातानं!"

"अगं बाई, दोन दोन!" म्हणत रुक्मिणीबाई दाराआड सरकल्या. कुलदीपनं कपाळाला हात लावला, काजळीसकट.

आतून योगिनी बाहेर आली. शाल गुंडाळलेली, पिशवी खांद्यावर.

"खोटं! साफ खोटं, मामाजी! न्हानीत पाल दिसली तं खाटेवर चढून बसता तुम्ही, नाग काय धरता? आई, आन इकडे पोरीले. निंगू दे आमाले."