सर ॲम्ब्रोजचं पथ्य

लेडी लेटिस लग्नाआधीपासून शुक्रवारचा उपास करत आली होती. पोटात काही नसलं तरी तिचा दिवस प्रार्थनेत शांतपणे सरायचा. पण सात वर्षांच्या लेकराला उपाशी कसं ठेवायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पुतण्याला देवी टोचायचं तिच्या दिराने, जर्व्हिसने ठरवलं होतं. हेतू वाईट नव्हता. त्याचा थोरला भाऊ, लेटिसचा नवरा, देवीनेच गेला आणि दुपट्यातलं पोर सगळ्या जहागिरीचं आणि 'सर' या वडिलोपार्जित पदवीचं धनी झालं; निदान ते तरी जगावं. नवऱ्याने मृत्युपत्रात पोराचा पालक म्हणून भावालाच नेमलं होतं, तेव्हा आईला विचारायचं कारणच नव्हतं. टोचण्याआधी अंगातली उष्णता उतरली पाहिजे, असं डॉक्टर पास्क म्हणाले. म्हणून मांस बंद, लोणी बंद. जुलाब द्यायचे आणि मधूनमधून रक्त काढायचं.

ॲम्ब्रोज खिडकीशी बसून असायचा. खाली अंगणात शिकारी कुत्र्यांपुढे मटणाची हाडं पडली होती.

"आई, ती सगळी माझी कुत्री ना?"

"तुझीच रे राजा."

"मग ती माझ्याआधी का जेवतात?"

तिला हसू आलं, आणि मग तिथे उभं राहवेना. तिने दिराकडे जाऊन वाटीभर रश्श्याची परवानगी मागितली.

"वहिनी, मला का त्याची माया नाही?" जर्व्हिस म्हणाला. "पण पास्कच्या हाताला यश आहे. आपण मध्ये हात घातला आणि काही झालं, तर?"

त्या 'तर'पुढे तिची मान खाली गेली. ती सातूचं पाणी घेऊन परतली.

देवी टोचली. फोड मोजकेच आले, डॉक्टर खूश झाले. पण ताप उतरला तेव्हा पोराच्या अंगात उठून बसायचं त्राण उरलं नव्हतं. आता हवं ते द्या, म्हणाले. तिने लोण्याचा पाव दुधात कुस्करून चमचा ओठांशी नेला.

"नंतर," ॲम्ब्रोज म्हणाला.

ती चमचा धरून प्रार्थना पुटपुटत राहिली. 'आमची रोजची भाकरी आज आम्हांस दे' या ओळीशी अडखळली, पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली. दुपारी त्याचा श्वास थांबला.

म्हातारा कारभारी दारात येऊन हळूच म्हणाला, "सर जर्व्हिस, खिडक्या लावून घेऊ?"

जर्व्हिस बिछान्याकडे बघत राहिला, जणू उत्तर तिथूनच यायचं होतं. शेवटी लेटिसनेच होकारार्थी मान हलवली. हातातला चमचा कुठे ठेवावा, ते तिला कळेना.