ठमीची चाल

मास्तरांना अंतराळातलं साम्राज्य सांभाळायचं वेड लागलं ते लेकीपायी. एरवी हा माणूस कात्री आणि शिलाई मशीन सोडून कशात नाक खुपसणारा नव्हे. पण ठमी नोकरीसाठी दूरच्या शहरात निघाली, तेव्हा दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तिनं हा खेळ घालून दिला. "बाबा, अर्धं आकाश तुमचं, अर्धं माझं. तुमची चाल झाली की माझी. म्हणजे रोज भेट." झालं! शर्टाला काजं करता करता मास्तर राजे झाले.

आणि खेळ तरी कसला! नुसता ठो-ठो करून संपणारा असता, तर मास्तरांनी दोन दिवसांत सोडला असता. इथे ग्रह वसवायचा तर आधी पाणी बघा, खाणी बघा, माणसं पाठवा. पाठवून विसरलात की ती रुसतात, कामं थांबवतात. सोडलेलं जहाज पोचायला कितीतरी चाली जातात. रागानं सोडलं असेल, तर पोचेपर्यंत राग कुठल्या कुठे गेलेला असतो. आणि आपल्या दुर्बिणी पोचतात तेवढंच दिसतं, पुढे सगळा अंधार. त्या अंधारात ठमी होती. मास्तरांचा जीव गुंतला तो तिथे.

फोनवर ती कायम घाईत. "बरी आहे, जेवले, ठेवते." एवढ्यात काय कळणार, कपाळ? खेळात मात्र लेक त्यांना नीट भेटायची. त्यांच्या एका ग्रहावर धान्य संपलं, तर न मागता तिची जहाजं भरून आली. मास्तरांचे डोळेच भरले.

"पोरीची माया बघ," ते बायकोला म्हणाले.

"माया बघून झाली असेल तर त्या वकिलांचा कोट बघा. एकच बाही लावलीय. दुसरी काय शेजाऱ्यांना दिलीत?"

मास्तरांना सगळ्यात कौतुक याचं, की कितीही ड्युटी असो, ठमीची चाल कधी चुकली नाही.

दोघांच्या हद्दींच्या मधोमध एक बारकासा तारा होता. त्याला त्यांनी अगदी सुरुवातीला अंगण म्हणायचं ठरवलं होतं, आणि अंगणात कुणी लढाऊ जहाज आणायचं नाही, हेही. एका दुपारी मास्तर बघतात तो काय, अंगणात ठमीचं अख्खं आरमार! मास्तरांचं तिथलं ठाणं जळून खाक.

ठाणं गेलं त्याचं काही नाही हो, पण पोरगी रागावली कशानं? मागच्या फोनवर त्यांनी "कधी येणार?" असं फिरून फिरून विचारलं होतं. तेच लागलं असणार. त्या विचारात त्यांनी कोटाची बाही उलटी लावली. बायकोनं ते पाहून मशीनच थांबवलं.

"तोंड दिलंय ना देवानं? फोन करा तिला."

त्यांनी केला. "ठमे, माझं काही चुकलं का गं?"

"काय झालं बाबा?"

"अंगणात जहाजं का घातलीस?"

"कुठलं अंगण?"

मास्तरांनी त्या मधल्या ताऱ्याची आठवण करून दिली. मग तिकडून अगदी हळू आवाज आला, "अहो बाबा... तो खेळ? तो मी नाही खेळत. सुरुवातीला खेळले, मग जमेना. माझ्या बाजूनं कॉम्प्युटरच खेळतो. आपोआपवर टाकलाय."

"आणि ते धान्य?"

"कसलं धान्य?"

मास्तर मशीनला धरून खाली बसले. म्हणजे इतके दिवस आपण कुणाची माया बघत होतो?

"मग बंदच का नाही केलास?"

"बंद केला असता तर तुमच्या स्क्रीनवर आलं असतं, ठमी खेळ सोडून गेली म्हणून." तिचा आवाज चिरकला. "तुम्ही एकटेच दुकानात बसून ते वाचताय, असं डोळ्यांसमोर यायचं."

मास्तरांना राग यायला हवा होता. तो आला नाही. लेकीची आठवण तेवढी आली.

"बाबा, तो पुन्हा अंगणात येणार नाही असं करते. तशी सोय आहे."

"ते आपोआप बंद कर, ठमे."

"अहो, मग खेळच थांबेल! माझी चाल होईपर्यंत तुम्हाला काही करता येणार नाही. मला आठ-आठ दिवस वेळ नसतो."

"नसू दे."

"महिना जाईल, बाबा!"

"जाऊ दे गं. मला तुझी चाल हवी. त्या ठोकळ्याची नको."

ती नुसतं "बरं" म्हणाली. मास्तरांनी आपली चाल केली, आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली: समोरच्या खेळाडूची वाट पाहत आहोत.

मास्तर बाही उसवायला बसले. "काय म्हणाली?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. आता तिची चाल आहे."

मधूनमधून ते मान वर करून बघत होते. जहाजं जिथल्या तिथे उभी होती, काही हलत नव्हतं. उत्तर आज येणार नव्हतं, उद्याही कदाचित नाही. पण येईल तेव्हा ते तिचंच असेल.